मोटारीवरची रात्र

इंग्लंडात लीड्सला येऊन नऊ वर्षं झाली, पण माहेरचा, जळगावकडच्या चोपड्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप काही सुटत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठाने निकाल दिला होता, की बायको एकटी, खाजगीत पॉर्न बघते एवढ्यावरून ती नवऱ्याचा छळ करते असं होत नाही आणि घटस्फोट मिळणार नाही. त्या दिवशी ग्रुपवर जे काही पेटलं ते विचारू नका. संस्कृती बुडाली, कलियुग, सगळं झालं. एका काकांनी तर सरळ माझं नाव घेऊन लिहिलं की हे सगळं तुमच्या तिकडून आलंय. व्यसन वाईटच असंही त्याच निकालात म्हटलंय, ते कोणी वाचलंच नाही. आणि जे सगळ्यात जास्त ओरडत होते ते मित्रांच्या दुसऱ्या ग्रुपवर काय फॉरवर्ड करतात ते त्यांच्या बायकांना माहीत आहे, आणि बायकांमुळे मलाही.

काकांना तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देते.

इथे आमच्याच घरात हे झालं. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, चार महिने घरी होता, आणि एकदा रात्री दोनला पाणी प्यायला उठले तर हा खाली सोफ्यावर मोबाईल घेऊन. दिसलं ते दिसलं. माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल? की मी जाड झाले. मग आईने केलं असतं तेच केलं, पंधरा दिवस बोललेच नाही, नुसती भांडी आपटली. शेवटी एका मैत्रिणीने कौन्सेलरचा नंबर दिला. पांढऱ्या केसांची बाई, आजीच म्हणा. ती काय बघतोस, किती बघतोस असं काहीच विचारेना. कधी बघतोस, एवढंच. तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला नोकरीला नकाराचा मेल आला की. आणि रविवारी, पप्पांचा फोन ठेवल्यावर. दर रविवारी सासरे विचारायचे, लागली का रे नोकरी. मी शेजारच्याच खुर्चीत होते आणि मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

तेव्हापासून मी ह्याबद्दल वाचत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी २०१९ ला मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू आहे, लैंगिक वागणं आवरता न येणं हा विकार आहे, पण तो दारू-गांजाच्या व्यसनांत नाही, आवेग आवरत नाही त्या गटात ठेवलाय. आणि नुसतं 'मी पाप करतोय' असं वाटून त्रास होतो म्हणून कोणाला हा विकार आहे असं म्हणता येत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. अमेरिकेतले जोशुआ ग्रब्ज आणि त्यांच्या सोबतच्यांनी हेच शोधलंय, ज्यांना हे पाप वाटतं आणि तरी बघतात ते थोडंसं बघूनही स्वतःला व्यसनी म्हणवतात. हे वाचून मला आमच्याकडचे शनिवार करणारे आठवले, उपास म्हणून शनिवारी डेटाच बंद ठेवतात, रविवारी पुन्हा चालू.

याचा अर्थ सगळं माफ असा नाही हं. क्लिपमध्ये बघितलं ते बायकोवर करून बघायचं, ती नको म्हणत असताना, त्याला मी एकटेपणा-बिकटेपणा म्हणणार नाही, ती जबरदस्ती आहे. अमेरिकेतल्याच एका पाहणीत, त्याच लोकांना काही वर्षांनी पुन्हा विचारलं तेव्हा, मधल्या काळात पॉर्न बघायला लागलेल्यांचं घटस्फोटाचं प्रमाण ६ टक्क्यांवरून ११ वर गेलेलं दिसलं. आता बघितल्यामुळे घर मोडलं का मोडत आलं म्हणून बघायला लागले, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

पण आपल्याकडे 'कधी' विचारायला जागाच कुठे आहे. तीन खोल्यांचं घर, मधल्या खोलीत सासू-सासरे, पोरं अंगावर, नवरा-बायको बोलणार तर कुठे आणि कोणत्या शब्दांत? आपल्याकडे एकतर शिव्या आहेत नाहीतर डॉक्टरी शब्द. र. धों. कर्वे १९२७ पासून मासिक काढून लोकांच्या असल्या प्रश्नांना मराठीत साधी उत्तरं देत होते, त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ ला तर बाबासाहेब त्यांचे वकील होते. सुरतला उधन्याला एका खोलीत सात-आठ जण राहणारी आपली पोरं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला घरी येतात, बाकी वर्षभर बायको इकडे, तो तिकडे. त्या घरात काय आणि त्या खोलीत काय, आतून कडी लागते अशी एकच जागा असते, मोबाईल. २०१८ मध्ये सरकारने ८२७ साइट बंद करायला लावल्या, बघणारे दुसऱ्या पत्त्यावर गेले. इथेही जुलै २०२५ पासून वयाचा पुरावा मागतात, तर लोकांनी आपण कुठून बघतो ते लपवणारे व्हीपीएन धडाधड घेतले. बघा काका, तुमचं-आमचं सारखंच आहे.

त्याच सुमाराला वहिनीचा फोन आला, चुलतभावाची बायको. रडत होती, ताई याच्या मोबाईलमध्ये असं असं सापडलं, माझ्यात काय कमी आहे. माझंच वाक्य. मी तिला आजीबाईचा प्रश्न दिला, कधी बघतो ते बघ. आठवड्याने म्हणाली, घरात नाहीच बघत, मोटारीवर बघतो, म्हणजे शेतातल्या पाण्याच्या पंपावर. शेतीची लाइट आठवड्याआड रात्रीची, केळीला पाणी द्यायला हा अकरा-बाराला जातो, लाइट यायची वाट बघत पंपाच्या खोलीत पहाटेपर्यंत एकटा. कर्जाचा हप्ता, केळीचा भाव, सगळं तिथेच बसून मोजतो आणि मग मोबाईल उघडतो. घरी येतो तेव्हा ती चुलीपाशी, आणि हा आला की झोपतो. त्या आठवड्यात दोघं एकावेळी जागेच नसतात.

मी काही सल्ला दिला नाही, इथून काय देणार. परवा पुन्हा बोललो तेव्हा मीच विचारलं, काय चाललंय. लाजत हसली, अहिराणीत म्हणाली, "मी बी जास आते कधी कधी, त्यासना संगे मोटारवर. चहा लई जास. डास भलता चावतस वं ताई."