झाडे उपटण्याच्या सल्ल्यात डाव शोधणाऱ्यांना उत्तर

‘कृषी विद्यापीठ : जनतेच्या पैशांवर पोसलेला पांढरा हत्ती’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या खानदेशातील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो आहे. एरवी अशा मजकुराकडे मी दुर्लक्ष केले असते. परंतु रावेरकडच्या माझ्या मामेभावाने तो वाचून आपल्या मृगबागेतील रोगट केळी तशीच उभी ठेवली, म्हणून हे लिहावे लागत आहे.

मजकुराचे म्हणणे असे : राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांना काहीही दिलेले नाही, जे आले ते कंपन्यांनी आणले, विद्यापीठाचे संशोधन फायलीत कुजते, केळीवर हरण्या रोग आला की झाडे उपटा हा त्याचा सल्ला म्हणजे शेतकऱ्याला पुन्हा रोपे विकत घ्यायला लावण्याचा डाव आहे, त्याऐवजी ताक आणि गूळ फवारावा, आणि विद्यापीठाच्या जमिनी विकून तो पैसा शेतकऱ्यांच्या खात्यात टाकावा.

यातील सर्वांत घातक मुद्दा ताक-गुळाचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग. पानांवर पिवळसर पट्टे दिसतात, रोग बळावला की पोंगा, म्हणजे शेंड्याचे गुंडाळलेले कोवळे पान, सडतो आणि त्या झाडाकडून घडाची आशा उरत नाही. विषाणू एकदा पेशींत शिरला की त्याला बाहेर काढणारे कोणतेही फवारणीचे द्रावण नाही. ताक नाही, गूळ नाही आणि दुकानातले महागडे औषधही नाही. शिवाय हा विषाणू पसरवणारा मावा रोगट पानात सोंड खुपसून काही सेकंदांतच तो उचलतो आणि लगेच शेजारच्या निरोगी रोपाला देतो, त्यामुळे कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत संसर्ग बहुधा होऊन गेलेला असतो. म्हणूनच रोगाचे मूळ, म्हणजे रोगट झाड, बागेतून हलवण्याला पर्याय नाही. ते उपटून बागेबाहेर नेऊन जाळावे किंवा गाडावे, बांध तणमुक्त ठेवावेत आणि केळीत किंवा तिच्या शेजारी काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो यांसारखी विषाणूला आसरा देणारी पिके घेऊ नयेत. हा सल्ला रोपे खपवण्यासाठी दिला जातो असे मानायचे, तर तण काढायला सांगण्यात कोणाचा माल खपतो, हेही मजकूरकर्त्याने सांगावे. दहा झाडे वाचवण्याच्या मोहात शेजाऱ्याची बागही जाते, आणि त्या शेजाऱ्याने तर हा मजकूर वाचलेलाही नसतो.

कंपन्यांच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. ग्रँड नैन या केळीच्या वाणाची टिश्यूकल्चर रोपे, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेली रोपे, आणि ठिबक शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्यात जळगावच्याच जैन इरिगेशनचा वाटा मोठा आहे, आणि तो नाकारणे कोत्या मनाचे ठरेल. पण टिश्यूकल्चरच्या बाटलीत जे पोषक माध्यम असते, ते बहुतेक ठिकाणी ‘एमएस’ या नावाने ओळखले जाते. हे नाव मुराशिगे आणि स्कूग या दोन शास्त्रज्ञांवरून पडले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन या राज्य विद्यापीठात तंबाखूच्या पेशींवर काम करताना त्यांनी हे माध्यम तयार केले आणि 1962 मध्ये त्याची कृती शोधनिबंधात छापून जगासाठी खुली केली. केळीचा एकही घड विकायचा नसलेल्या प्रयोगशाळेतून हे आले, आणि त्यावर पुढे जगभर व्यवसाय उभे राहिले. विद्यापीठाचे देणे बहुतेक वेळा असेच असते. ते विकायला कोणी येत नाही, त्यामुळे त्याची जाहिरातही होत नाही.

फायलीत कुजलेल्या संशोधनाचे उत्तर तर जळगावातच आहे. येथील तेलबिया संशोधन केंद्राने निवड पद्धतीने जेएल-24 हे भुईमुगाचे वाण दिले, ज्याला आपण फुले प्रगती म्हणतो. नावातील ‘जेएल’ म्हणजे जळगाव. लवकर तयार होणारे हे उपटे, म्हणजे जमिनीवर न पसरता उभे वाढणारे, वाण खानदेशाबाहेर तर गेलेच, पण आफ्रिकेतील मलावी देशात ते ‘काकोमा’ या नावाने अधिकृतपणे प्रसारित झाले. फाइल चालत मलावीला गेली नसावी.

विद्यापीठात सारे आलबेल आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. शास्त्रज्ञांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात, बढतीच्या गुणांसाठी लिहिलेले शोधनिबंध कोणी वाचत नाही, आणि शिफारशींची भाषा अशी असते की ती समजून घ्यायला दुसरा शास्त्रज्ञ लागावा. कायद्याने कृषी विद्यापीठावर शिक्षण आणि संशोधनाबरोबर विस्तार शिक्षणाची, म्हणजे संशोधन शेतकऱ्यापर्यंत पोहोचवण्याचीही जबाबदारी टाकलेली आहे, आणि ती नीट पार पडली असती तर ताक-गुळाच्या मजकुराला इतके वाचक मिळालेच नसते.

राहिला जमिनी विकण्याचा मुद्दा. ज्या जमिनी विकायच्या म्हणता, त्यांवरच वाणाचे पैदासकार बियाणे, म्हणजे शास्त्रज्ञांच्या देखरेखीखालचे मूळ शुद्ध बियाणे, तयार होते. त्यापासून पायाभूत आणि पायाभूतपासून प्रमाणित बियाणे बनून ते महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाच्या पिशवीतून दुकानात येते. संकरित कपाशीचे बियाणे दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते, म्हणून त्यात कंपन्यांना रस आहे. भुईमूग स्वपरागसिंचित आहे, घरचेच दाणे पुढच्या वर्षी पेरता येतात आणि एकरी बियाणे भरपूर लागते, त्यामुळे त्याच्या नव्या वाणावर वर्षानुवर्षे खर्च करायला खासगी गुंतवणूकदार सहसा पुढे येत नाही. जमीन विकून खात्यात पडलेली रक्कम एका हंगामात खतावर संपेल, आणि त्यानंतर भुईमुगाचे शुद्ध पैदासकार बियाणे कोण आणि कोणत्या शेतावर राखणार, याविषयी त्या लांबलचक मजकुरात एक ओळही नाही.