‘धमक’ या शब्दाविषयी: ‘एक पुणेकर’ यांना उत्तर

‘एक पुणेकर’ यांस सप्रेम नमस्कार.

कंपनी परराज्यात निघाली तर तिच्याबरोबर जायचे की नाही, याविषयी मी गेल्या आठवड्यात लिहिले होते. त्यावरील आपल्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. मी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचा आधार दिला, पण तो आता लागू नाही, हा पहिला. तरुण, अविवाहित माणसाचा मी विचारच केला नाही, हा दुसरा. तिसरा आपल्याच शब्दांत देते: ‘अंगात धमक नसलेल्यांनी पुण्याला चिकटून बसायचे आणि त्याला घरच्या जबाबदाऱ्यांचे नाव द्यायचे, एवढेच तुमच्या लेखाचे सार आहे.’

पहिला आक्षेप मला मान्य आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि मी सवयीने जुन्या कायद्याचे नाव लिहिले. कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी पूर्वी शंभर कामगार असले तरी घ्यावी लागे, ती मर्यादा आता तीनशेवर गेली आहे, हेही मी सांगायला हवे होते. कामगारकपातीत सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यायचे, हे मात्र कायम आहे, त्यामुळे माझ्या सल्ल्याला बाध येत नाही. दुसऱ्या आक्षेपाबद्दल एवढेच, की तो लेख संसार मांडून बसलेल्यांसाठी होता आणि तसे पहिल्याच परिच्छेदात म्हटले होते.

आता ‘धमक’. हा शब्द वाचून मी दोन दिवस काही लिहिले नाही, कारण रागात लिहिलेले नंतर वाचवत नाही.

२००७ साली मी भोसरीच्या एमआयडीसीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, लेखा विभागात लिपिक होते. २००३ मध्ये केंद्र सरकारने उत्तरांचलासाठी, म्हणजे आताच्या उत्तराखंडासाठी, औद्योगिक सवलती जाहीर केल्या होत्या आणि तेथे नव्याने उभ्या राहणाऱ्या कारखान्यांना दहा वर्षे उत्पादनशुल्क माफ होते. पुण्यातील मोठ्या वाहन कंपन्यांनी तिथल्या पंतनगरला कारखाने उभारले, तेव्हा त्यांना माल पुरवणारेही मागोमाग निघाले. आमचे मालक त्यांतलेच. एका शनिवारी प्रत्येकाच्या हातात पत्र पडले: पंधरा दिवसांत होकार कळवावा.

माझे यजमान दापोडीच्या एसटी कार्यशाळेत होते, आणि एसटीची नोकरी काही पंतनगरजवळच्या रुद्रपूरला नेता येत नाही. सासूबाईंना पक्षाघात होऊन वर्ष झाले होते. मुलगी आठवीत होती आणि तिला डॉक्टर व्हायचे होते. वैद्यकीय शाखेच्या राज्याच्या वाट्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हावे लागते. बदलीवर बाहेर गेलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी यात सवलती आहेत, खासगी कंपनीबरोबर गेलेल्यांच्या मुलांसाठी नाहीत. मी तिला घेऊन गेले असते, तर तिच्या वयाच्या चौदाव्या वर्षी तो रस्ता मीच बंद केला असता. आमच्या विभागातील एका सहकाऱ्यापुढे याहून अवघड प्रश्न होता. ते अनुसूचित जातीतले होते, आणि परराज्यात स्थलांतर केलेल्याला नव्या राज्यातील आरक्षण मिळत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा निर्णय आहे. पगारात दोन हजारांची वाढ घ्यायची आणि मुलांच्या हक्काची जागा सोडायची, हा हिशेब ते डब्याच्या सुट्टीत कागदावर मांडत असत. त्या कागदावर धमक कोणत्या रकान्यात लिहायची, ते आपण सांगावे.

आणि न जाण्यालाही काय लागते, हे आपल्याला ठाऊक नसावे, म्हणून सांगते. माझा नकार कळल्यावर मला केबिनमध्ये बोलावून एक टाइप केलेला कागद पुढे ठेवण्यात आला. त्यावर ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’ असे लिहिले होते आणि सहीची जागा तेवढी मोकळी होती. आज सही केलीत तर उद्या सगळा हिशेब मिळेल, असे गोड शब्दांत सांगितले गेले. खोलीत तीन पुरुष होते आणि मी एकटी होते. मी सही केली नाही. माझ्या १९९१ च्या नेमणूकपत्रात भारतात कोठेही बदली करण्याचे कलम नव्हते, हे मी आदल्या रात्री दोनदा वाचून घेतले होते, आणि त्याच बळावर ‘जागा तुम्ही हलवत आहात, नोकरी मी सोडत नाही’ असे म्हणू शकले. आजच्या बहुतेक नेमणूकपत्रांत ते कलम असते. आधी नेमणूकपत्र काढून वाचा आणि स्वतःच्या हाताने राजीनामा लिहू नका, असे मी लेखात म्हटले ते यासाठी. आपल्या लांबलचक प्रतिक्रियेत या दोन वाक्यांचा उल्लेखही नाही.

त्यानंतर पाच महिने कामगार आयुक्तालयात खेटे घातले. माझे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ७,८०० रुपये होते. त्याला २६ ने भागून १५ ने गुणले की वर्षाचे ४,५०० आणि सोळा वर्षांचे ७२,००० रुपये ग्रॅच्युइटीचे होतात. तेवढे राजीनामा देणाऱ्यांनाही मिळाले. कपातीची भरपाई म्हणून जवळपास तेवढीच आणखी रक्कम मात्र, सही न करणाऱ्या आम्हा चौघांनाच मिळाली. ज्यांनी घाबरून सही केली, त्यांनाही मी धमक नसलेले म्हणणार नाही, कारण त्यांच्या घरी त्या महिन्याचा हप्ता थांबलेला होता.

जे गेले, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे आणि लेखातही तो होता. तपासणी विभागातले एक गृहस्थ कुटुंब इथे ठेवून गेले. झेलम एक्स्प्रेसने दिल्ली आणि पुढे बसने रुद्रपूर, असा जवळजवळ दोन दिवसांचा प्रवास ते गणपतीला आणि दिवाळीला करत. त्यांचे तिथे बस्तान बसले, मुलगाही पुढे तिकडेच नोकरीला लागला. त्यांचा निर्णय त्यांच्या घरापुरता बरोबर होता, माझा माझ्या घरापुरता. यात कोण भित्रा आणि कोण शूर, हे तुम्ही कुठल्या अधिकाराने ठरवता? तुमच्या हातात असे पत्र कधी पडले होते का, तुम्ही कोणाकोणाला मागे ठेवून गेलात, याविषयी तुमच्या प्रतिक्रियेत एक ओळ नाही. स्वतःचे नावसुद्धा नाही. मी माझ्या नावाने लिहिते.

पुण्याला चिकटून बसण्याबद्दलही लिहिले आहेत. माझे वडील १९६४ साली पाटण तालुक्यातून पिंपरीला आले, ते कारखान्यात काम मिळाले म्हणून. पहिली दोन वर्षे ते पाचजणांत एका खोलीत राहिले. गाव सोडणे काय असते, हे मी त्यांच्याकडून ऐकत वाढले. ते आले तेव्हा एकटे होते, धाकट्या भावाने शेती आणि आईवडील सांभाळले, म्हणून येऊ शकले. माणूस जातो तेव्हा मागे कोणीतरी राहिलेले असते. आमच्या घरात मागे राहणारे दुसरे कोणी नव्हते.

कायद्याच्या नावाची आणि तीनशेच्या मर्यादेची दुरुस्ती मूळ लेखात आज रात्री करते, ती दाखवून दिल्याबद्दल आभारी आहे. आपल्या एखाद्या परिचिताच्या हाती असे पत्र पडले असेल, तर त्यांना नेमणूकपत्र घेऊन जाणकाराकडे जायला सांगा. ‘धमक’ हा शब्द मात्र आपण मागे घ्यावा, अशी माझी अपेक्षा आहे.