कार्ड भर, पण बेतानं

पहिल्यांदाच समुद्रातल्या तेलाच्या रिगवर निघालायस ना भावा, जुहूवरनं हेलिकॉप्टरनं? मग ऐक, तासगावचाच आहेस म्हणून सांगतो.

तिथं सेफ्टी कार्ड असतंय. धोक्याचं काय दिसलं की आपणहून लिहायचं आणि पेटीत टाकायचं. एकदम ऐच्छिक, फक्त आठवड्याला दोन टाकायचीच, नाहीतर सकाळच्या मीटिंगला सगळ्यांसमोर नाव पुकारतात एवढंच. नाव लिहायची सक्ती नाही असं वर छापलेलं असतंय, आणि खाली केबिन नंबरचा रकाना.

आता लिहायचं काय? "एक जण हँडरेल न धरता जिना उतरत होता, मी त्याला समजावलं, त्याने आभार मानले." हे बारमाही पीक आहे, तारीख बदलायची आणि परत टाकायचं. चहाच्या कपाला झाकण नव्हतं, हेपण चालतंय. मी तर एकच केळ्याची साल सात वेळा उचललीय.

पण गॅस डिटेक्टर सारखा बोंबलतोय म्हणून बायपास करून ठेवलाय आणि महिना झाला तरी कुणी बघितलेलं नाही, असलं काय लिहायला जाऊ नको. आपण कॉन्ट्रॅक्टची पोरं, पुढच्या क्रू लिस्टमधनं नाव कसं गळतं ते कळतपण नाही. मी एकदा शहाणपणा केला, फ्लँजमधनं, म्हणजे पाइपाच्या जोडातनं, गॅस येतोय म्हणून लिहिलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, मस्त लिहिलंयस, फक्त "गळती"च्या जागी "हाउसकीपिंग" करूया का? केलं. त्या महिन्याचा बक्षिसाचा टी-शर्ट मलाच.

पाळी बदलताना तर जास्त बोलूच नको, दोघंपण दमलेले असतात. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ ला दिवसा एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व काढलेला, त्याचं परमिटपण होतं, पण रातपाळीला ते कळलंच नाही आणि त्यांनी तोच पंप चालू केला. गळती होऊन स्फोट झाला, १६७ माणसं गेली. कागद मात्र होता हां.

आणि आकडा सांभाळ, सगळा खेळ आकड्याचा. मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन रिगवर २० एप्रिल २०१० ला मोठे साहेब खास आलेले, का तर सात वर्षं कामाचा दिवस बुडवणारा एक अपघात नाही म्हणून कौतुक करायला. त्याच रात्री स्फोट, ११ माणसं गेली. तरीपण रिगवाल्या कंपनीनं २०१० हे आपलं सुरक्षेचं सगळ्यात भारी वर्ष ठरवून वरच्यांना बोनस दिला (बोंब झाल्यावर त्यांनी तो दान केला, तेवढं श्रेय द्यायला पाहिजे). आपल्याकडं २७ जुलै २००५ ला मुंबई हायच्या रायझरवर (समुद्रतळातनं तेल-गॅस वर आणणारा पाइप) बोट आदळली आणि २२ जण गेले, त्या बोटीचं नाव काय होतं? 'समुद्र सुरक्षा'. नाव चांगलं ठेवायला काय पैसे पडत नाहीत.

तर टी-शर्ट मिळाला की जपून ठेव, घरी कामाला येतो. माझा आमच्या तात्यांनी घेतलाय. पाठीवर मोठ्या अक्षरात 'झिरो अपघात', आणि तात्या बागेत औषध मारतायत, तोंडाला साधा रुमालपण नाही, वारं समोरनं, सगळा फवारा अंगावर. मागच्या सुट्टीत मी बांधावर उभा राहून अर्धा तास बघत होतो. काय बोललो नाही. कार्ड रिगवर राहिलेलं.