मावशी, ऑडिटरच्या सहीवर ठेव ठेवू नकोस

‘बँक कशी निवडावी : पाच सोपी सूत्रं’ हा मेसेज महिनाभरात चार जणांकडून आला, चारही वेळा सोडून दिला. पाचव्यांदा मावशीने पाठवला आणि खाली विचारलं, “निवृत्तीचे पैसे यावरूनच ठेवते, चालेल ना रे?” नाही चालणार.

पहिलं सूत्र म्हणतं, ताळेबंदावर ऑडिटरची सही असली की आकडे खोटे असूच शकत नाहीत. अहो, ऑडिटर सगळी खाती उलगडत नाही, नमुन्यादाखल काही तपासतो, तीही बँकेने पुढ्यात ठेवलेल्या यादीतून. यादीच बनावट असली तर? पीएमसी या सहकारी बँकेने मार्च २०१९ अखेर ढोबळ एनपीए, म्हणजे एकूण कर्जांतलं थकीत कर्ज, ३.७६ टक्के दाखवला होता. सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि सुरुवातीला ठेवीदाराला जेमतेम हजार रुपये काढता येत होते. एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे सुमारे ६,५०० कोटी गुंतले होते आणि ते झाकायला २१,०४९ बनावट कर्जखाती उभी केली होती. त्या ताळेबंदावरही सही होतीच.

दुसऱ्या सूत्राने मात्र माझं डोकं फिरलं. ‘नफा आणि एनपीए बघा, मागच्या बारीक अक्षरांतल्या टिपा ही नुसती औपचारिकता.’ हे लिहिणाऱ्याने वार्षिक अहवाल कधी उघडून तरी पाहिलाय का?

हप्ता ९० दिवसांवर थकला की कर्ज एनपीए होतं. पण तसा शिक्का आधी बँकच मारते, स्वतःच्याच कर्जावर. रिझर्व्ह बँकेचे तपासनीस मागाहून येतात. त्यांच्या आणि बँकेच्या आकड्यांत जो फरक निघतो त्याला ‘डायव्हर्जन्स’ म्हणतात. पूर्वी ही गोष्ट त्या दोघांतच राहायची. १८ एप्रिल २०१७च्या परिपत्रकाने फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास तो जाहीर करणं बंधनकारक केलं. कुठे? याच टिपांत.

मग काय बाहेर आलं? येस बँकेने मार्च २०१६ अखेरचा ढोबळ एनपीए दाखवला होता ७४९ कोटी, रिझर्व्ह बँकेच्या हिशेबाने तो होता ४,९२६ कोटी. साडेसहा पट! पुढच्या वर्षी तेच : दाखवले २,०१८ कोटी, निघाले ८,३७४. अहवालात नफा झकास होता. मार्च २०२०मध्ये त्याच बँकेतून पैसे काढण्यावर ५० हजारांची मर्यादा आली, काही दिवसांपुरती का होईना. टीप वाचणाऱ्याला हे अडीच वर्षं आधीच खटकलं असतं. (टिपेत फरक दिसला नाही म्हणजे तो नव्हताच, असंही नाही. मर्यादेच्या आत असला तर सांगायची सक्ती नसते.)

तिसरं, ‘राइट-ऑफ म्हणजे कर्जमाफी.’ नाही. कर्ज ताळेबंदातून काढतात, कर्जदाराची देणेदारी तशीच राहते. पण या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. राइट-ऑफ केलं की एक रुपयाही वसूल न होता एनपीएची टक्केवारी खाली येते आणि बँक ती मिरवते. एनपीए वसुलीने घटला की राइट-ऑफने, हे कुठे कळतं? पुन्हा टिपांतच, एनपीएच्या वर्षभरातल्या चढउताराच्या तक्त्यात.

चौथं, ‘दंड झाला की बँक बुडणार.’ नियमपालनातल्या त्रुटींसाठी रिझर्व्ह बँक अनेक बँकांना दंड करते आणि ग्राहकांशी झालेल्या व्यवहारांच्या वैधतेवर हा शेरा नाही, हे दंड जाहीर करणाऱ्या पत्रकातच लिहिते. पुढे.

पाचवं, ‘प्रत्येक शाखेत पाच लाखांचा विमा.’ मावशीने हे वाचून एकाच बँकेच्या तीन शाखांत पाच-पाच लाखांच्या पावत्या करायचं ठरवलं होतं. बँक बुडाल्यास मिळणारा हा ठेव-विमा दर ठेवीदाराला, दर बँकेमागे पाच लाख, तोही मुद्दल आणि व्याज धरून. तीन शाखा विम्याच्या लेखी एकच. तिच्या पंधरा लाखांतले दहा उघडे पडले असते, वर व्याज वेगळं.