कॉन्स्टिट्यूशन आठ ठेवणाऱ्या विझार्डबद्दल

गेल्या रविवारी भर पावसात लांज्याहून एसटी पकडून रत्नागिरीला गेलो, मित्राच्या पडवीत पत्र्यावर आदळणाऱ्या सरींच्या वर आवाज चढवून चार तास डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून कल्पित पात्रे रंगवायचा खेळ खेळलो, आणि त्यातला निम्मा वेळ एकाच खेळाडूच्या पात्राला शुद्धीवर आणण्यात गेला, याचा संताप अजून उतरलेला नाही.

या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४च्या नियमांनी, पात्र घडवायला पॉइंट बायचे, म्हणजे क्षमता विकत घ्यायचे, २७ गुण मिळतात. विझार्ड, म्हणजे जादूगार, घेतलेल्या या गृहस्थांनी बुद्धिमत्ता, चपळता आणि कॅरिस्मा (छाप पाडण्याची ताकद) या तिन्हींत प्रत्येकी ९ गुण ओतून १५ घेतले आणि बाकी सगळे, कॉन्स्टिट्यूशन म्हणजे दणकटपणासुद्धा, ८ वर सोडून दिले. कॅरिस्मा कशाला, तर पात्र देखणे हवे! अरे, विझार्डचे मंत्र बुद्धिमत्तेवर चालतात. त्यात हाय एल्फ या वंशाच्या वाढीमुळे चपळता १७ झाली, आणि १७ ला फाशात मिळवायला मिळतो तोच +३ हा फरक १६ लाही मिळतो, म्हणजे १४ घेऊन भागले असते आणि दोन गुण वाचले असते. बुद्धिमत्ता १५, चपळता १४, कॉन्स्टिट्यूशन १४, शहाणपण १०, कॅरिस्मा १०, ताकद ८: याला बरोबर २७ गुण लागतात. दोन मिनिटांची बेरीज आहे ही.

आता परिणाम बघा. पाचव्या पातळीला सरासरी धरली तर त्याच्याकडे १७ हिट पॉइंट आहेत, म्हणजे तेवढा मार खाल्ला की पात्र बेशुद्ध. कॉन्स्टिट्यूशन १४ असते तर ३२ झाले असते. शत्रूच्या फायरबॉल या आगीच्या मंत्राचे आठ फासे सरासरी २८ चा मार देतात. परवा पहिल्याच फेरीत तो आडवा झाला, आणि क्लेरिक, म्हणजे जखमा भरणारा पुजारी, म्हणून माझी पाळी आली तेव्हा चार शत्रू माझ्या भोवती उभे होते, स्पिरिट गार्डियन्स हा भोवतीच्या शत्रूंना मारणारा मंत्र टाकण्यासाठी याहून चांगली जागा मिळाली नसती. पण त्याला उठवायला मला हीलिंग वर्ड हा मंत्र टाकावा लागला, तो बोनस ॲक्शनने, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीने, टाकतात, आणि तसा मंत्र टाकला की त्या पाळीत दुसरा मंत्र कॅन्ट्रिपच, म्हणजे अगदी साधा मंत्रच, असावा लागतो, त्यामुळे स्पिरिट गार्डियन्स राहिलेच. तो उठला, पुढच्या फेरीत पुन्हा पडला. मी पुन्हा उठवला. तीन वेळा!

वर सांगतो काय, तर “तुम्ही आकडेमोड करता, मी कथा खेळतो.” जमिनीवर बेशुद्ध पडलेल्या पात्राची कसली कथा? पाच जणांच्या मेजावर आपले पात्र किमान दोन फेऱ्या उभे राहील एवढी तजवीज करणे हा बाकीच्या चौघांच्या वेळेचा मान राखणे आहे, आणि आमच्यातला एकजण तर देवरुखहून दुपारचे जेवण अर्धवट टाकून येतो.

येत्या रविवारी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, परवानगी देत असेल तर मी स्वतः पेन्सिल आणि खोडरबर घेऊन त्या विझार्डवाल्याच्या कॅरेक्टर शीटसमोर, म्हणजे पात्राचे आकडे लिहिलेल्या कागदासमोर, बसेन. त्याने ती बदलली नाही, तर मी क्लेरिक सोडून फायटर, म्हणजे लढवय्या, आणणार आहे, मग त्याला कोण उठवतो ते त्याने बघावे.