सही आमची, हिशोब मात्र त्यांचा

‘ताई, एवढी एक सही करून टाका, आजच्या आज वर पाठवायचं आहे,’ हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. माझी मुलगी महापालिकेच्या शाळेत पाचवीत शिकते आणि मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. समितीचे म्हणून जे काम माझ्या वाट्याला येते, ते बहुतेक वेळा शाळा सुटताना, फाटकाबाहेर, एका हातात मुलीचे दप्तर आणि दुसऱ्या हातात नोंदवही धरून उरकावे लागते. सभा झालेली नसते, तरी तिचे इतिवृत्त तयार असते. सूचक कोण, अनुमोदक कोण, ठराव सर्वानुमते मंजूर, असे सगळे वळणदार अक्षरात लिहून ठेवलेले असते. ज्यांची नावे त्याखाली असतात, त्यांना मात्र आपण नेमके काय मंजूर केले याचा पत्ता नसतो.

शिक्षण हक्क कायदा 2009 साली संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 नुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या जागा महिलांच्या असतात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि शासनाकडून, पालिकेकडून किंवा अन्य कोठून मिळणारे अनुदान कसे खर्च होते यावर लक्ष ठेवणे, ही समितीची कामे कायद्यानेच ठरवून दिली आहेत. कलम 22 तर याहून पुढे जाते. समितीने केलेला आराखडा हाच पुढच्या योजनांचा आणि अनुदानाचा पाया असेल, असे ते सांगते. म्हणजे आधी शाळेने आपली गरज सांगायची आणि मग वरून पैसा यायचा, हा क्रम संसदेने ठरवून दिलेला आहे. प्रत्यक्षात आधी अंदाजपत्रक ठरते, मग निविदा निघते, मग कंत्राटदार येतो, आणि सगळे आटोपल्यावर आराखड्यावर सही घ्यायला आमची आठवण होते.

आमच्या शाळेचा आराखडा मी हट्टाने मागून घेतला आणि घरी आणून वाचला. तो छापील तक्ता होता, आणि त्यातली बरीचशी उत्तरे आदल्या वर्षीच्या आराखड्यातून जशीच्या तशी उतरवलेली होती. ‘मुलींसाठी स्वतंत्र शौचालय आहे काय’ या प्रश्नापुढे ‘होय’ लिहिले होते. आहे, हे खरेच आहे. तीनपैकी दोन दारांना आतून कडी नाही, एका नळाची चावी तुटली आहे, आणि पाचवीतल्या मुली आत जाताना एका मैत्रिणीला दार धरून बाहेर उभी करतात. सातवीतल्या काही मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, म्हणजे जावे लागणार नाही. त्या तक्त्यात या गोष्टीला जागा नाही, कारण तो तक्ता मुलींना काही विचारतच नाही. या दोन कड्या आणि एक नळ यांसाठी जून महिन्यात ठराव झाला, आणि तो दर सभेत नव्याने लिहिला गेला. उत्तर ठरलेले असायचे, ‘इमारतीची दुरुस्ती आमच्याकडे नाही, त्याचं हेड वेगळं आहे.’ हेड म्हणजे अंदाजपत्रकातले खर्चाचे खाते.

आणि मग मार्च उजाडला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एक ट्रक आला आणि शाळेच्या पटांगणात पेव्हर ब्लॉक उतरवू लागला. मातीचे ते पटांगण शाळेतली एकमेव धड जागा होती. तिथे मुले कबड्डी खेळायची, पडली तरी फारसे लागायचे नाही. समितीने पेव्हर ब्लॉक मागितले नव्हते, शिक्षकांनीही मागितले नव्हते. मोठ्या बाईंना विचारले तर त्यांनाही आदल्या दिवशी फोनवरच कळले होते. काम कोणत्या निधीतून, किती रकमेचे, हे विचारल्यावर मुकादमाने ‘वरून ऑर्डर आहे’ एवढेच सांगितले. आठवडाभरात पटांगण पक्के झाले, भिंतीवर फुलपाखरे रंगवली गेली, त्यांच्यासमोर फोटो काढले गेले. शौचालयाच्या दारांना कडी मात्र लागली नाही. बाजारात जी कडी पन्नास-साठ रुपयांना मिळते, तिच्यासाठी हेड सापडत नाही आणि न मागितलेल्या कामासाठी ते मार्चअखेर हमखास सापडते, याचा मला इतका संताप येतो की त्या पटांगणावरून चालतानाही पाय जड होतात.

पैशांची गोष्ट स्पष्टच सांगते. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटसंख्येनुसार संयुक्त अनुदान मिळते. 250 ते 1,000 पटाच्या शाळेला वर्षाला 75,000 रुपये, त्याहून मोठ्या शाळेला 1 लाख. चारशे मुलांच्या शाळेत ही रक्कम दर मुलामागे दोनशे रुपयेही होत नाही, आणि त्यातच खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छता हे सगळे बसवायचे असते. ही रक्कम जूनमध्ये हातात पडली तर तिचे काहीतरी नियोजन करता येईल. आमच्याकडे ती वर्ष संपत आले की येते, सोबत उपयोगिता प्रमाणपत्राची, म्हणजे पैसे खर्च झाल्याचे लेखी कळवण्याची घाई घेऊन येते, आणि मग मिळेल ते बिल लावून ती संपवावी लागते. संपवली नाही तर निधी परत जातो आणि शाळेवर ‘अखर्चित’ असा शिक्का बसतो. यात मोठ्या बाईंचा दोष काढावा असे मला वाटत नाही. त्याही त्याच घाईत भरडल्या जातात.

आम्ही फुकट काही मागत नाही. मालमत्ता कराच्या बिलात राज्य शिक्षण कराची वेगळी ओळ असते. महाराष्ट्रात हा कर 1962 च्या कायद्यापासून वसूल होतो, आणि पालिका तो गोळा करून राज्याकडे भरते. केंद्राच्या प्राप्तिकरावर 4 टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर आहे. आम्ही भाड्याच्या खोलीत राहणारी माणसे असलो तरी घरमालक हा सगळा भार भाड्यातून आमच्याकडूनच काढतो. शेतकऱ्यांकडून गोळा केलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची हेळसांड होते, असे जोतीराव फुले यांनी 1882 साली ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे मांडले होते, आणि वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली होती. सक्ती आली, कायदाही आला. आमच्याकडून गोळा केलेल्या पैशाचा हिशोब विचारायला मात्र आम्हाला आजही माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो.

पालकांना बाजूला सारून वरून नियोजन केले की काय होते, हे 2024 साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. गणवेशासाठी दर मुलामागे दोन जोडांचे 600 रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे. समिती जवळच्या दुकानातून कापड घ्यायची, गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घ्यायची, आणि माप चुकले तर त्याच संध्याकाळी शिंप्याच्या दारात जाता यायचे. ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणत राज्याने ते काम स्वतःकडे घेतले. स्वातंत्र्यदिन उलटून गेला तरी कित्येक शाळांत मुले जुन्या कपड्यांत होती, आणि आले ते गणवेश कोणाला आखूड, कोणाला ढगळ, शिवण उसवलेले. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये निर्णय फिरवून काम पुन्हा समित्यांकडे सोपवले गेले. एक अख्खे शैक्षणिक वर्ष वाया घालवून सरकारला जे उमगले, ते कोणत्याही समितीतल्या बाईने पहिल्याच दिवशी सांगितले असते. तिला विचारले कोणी?

त्याआधी सप्टेंबर 2023 मध्ये दत्तक शाळा योजना आली होती. मोठ्या महापालिकांच्या हद्दीत पाच वर्षांसाठी 2 कोटी किंवा दहा वर्षांसाठी 3 कोटी रुपयांची मदत देणाऱ्या देणगीदाराला शाळा दत्तक घेता येईल आणि आपले नाव शाळेच्या नावाला जोडता येईल, अशी ती योजना. मदत करणाऱ्यांविषयी माझ्या मनात आकस नाही. पण ज्या वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या त्या शाळेत मुले पाठवली, ज्या वस्तीच्या करावर ती उभी आहे, तिचे नाव भिंतीवर कधी लागले नाही, आणि पाच वर्षांची मदत देणाऱ्याचे लागू शकते, हे मला पटत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये तर कळस झाला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांतून सूट देणारी अधिसूचना निघाली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये ती रद्द केली म्हणून बरे. ज्या शाळेच्या दाराला कडी लावायला पैसे नाहीत, तीच शाळा ‘तुमच्या मुलांसाठी आहे ना जवळ’ म्हणून गरिबांपुढे करायची, यात लाज वाटण्यासारखे कोणालाच काही दिसले नाही काय?

शहराच्या विकास आराखड्यात शाळांसाठी भूखंड आरक्षित असतात, पण नव्या वस्त्या उभ्या राहतात त्या वेगाने त्यांवर महापालिकेची शाळा उभी राहत नाही, आणि जुन्या वस्तीतल्या शाळेचा पट घसरला की ती दुसरीत विलीन होते. दोन्ही निर्णयांत पालकांना कोणी विचारत नाही. विचारणार तरी कोण? समितीत पालिकेच्या लोकप्रतिनिधीसाठी जागा असते. 2022 साली मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 मध्ये मतदान होईपर्यंत तिथे प्रशासकाचाच कारभार होता. म्हणजे जवळपास चार वर्षे ती खुर्ची रिकामी राहिली.

या सगळ्यावर वरिष्ठांचे एक आवडते उत्तर असते, ‘पालकच येत नाहीत हो सभेला.’ हे ऐकले की माझा तोल सुटतो. सभा असते कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता. चिठ्ठी येते आदल्या दिवशी, मुलाच्या वहीत. आमच्या समितीत धुणीभांडी करणाऱ्या दोघी आहेत, एक रिक्षाचालक आहेत, एक पॅकिंगच्या कारखान्यात रोजंदारीवर आहेत. अकरा वाजताच्या सभेला येणे म्हणजे यांच्यासाठी एक खाडा. तो खाडा करूनही त्या दोघी आल्या, तासभर बसल्या, आणि तेव्हा कळले की आसपासच्या शाळांच्या समूह केंद्रात तातडीची बैठक लागल्यामुळे सभाच रद्द झाली आहे. त्यांना उलट फोन करून सांगावे, असे कोणाला वाटले नाही. पुढच्या वेळी त्या आल्या नाहीत, तर त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिले गेले. वर्गणी काढायची असली, स्नेहसंमेलनाला खुर्च्या लागल्या, पटांगण झाडायचे असले, तर याच बायका रात्री आठलाही येतात, आणि तेव्हा त्यांना लोकसहभागाचे कौतुक ऐकवले जाते.

माझ्या मागण्या कोणाला भारी पडाव्यात अशा नाहीत. सभा रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर घ्या आणि तिची सूचना विषयपत्रिकेसह आठवडाभर आधी द्या. आराखडा नोव्हेंबरच्या आत पालकांसोबत बसून, शाळाभर फिरून, मुलींशी वेगळे बोलून तयार करा, म्हणजे आयुक्त पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक मांडतील तेव्हा तो त्यांच्या टेबलावर असेल. शाळेला वर्षात कोणत्या निधीतून किती रुपये आले आणि कशावर गेले, हे साध्या मराठीत फळ्यावर लिहून दर्शनी भागात लावा. आणि शाळेच्या आवारात कोणतेही काम झाले, तर ते मागितले होते का आणि नीट झाले का हे समितीने पाहून लेखी दिल्याशिवाय कंत्राटदाराचे बिल अदा करू नका.