ताक-बेलाने कोलायटिस ‘मुळापासून’ जात नाही

बडोद्यात दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘गहू-दूध सोडा, ताक आणि बेलाचा मुरंबा घ्या, 90 दिवसांत अल्सरेटिव्ह कोलायटिस मुळापासून जातो, गोळ्या बंद!’ ताकाचं एक वेळ चालेल. शेवटचे दोन शब्द घातक आहेत.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये प्रतिकारशक्ती मोठ्या आतड्यावरच उलटते, त्याला सूज येते आणि जखमा होतात. शौचातून रक्त पडायचं थांबलं म्हणजे आतली सूज गेली असं नाही. ती शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन (सूज दाखवणारं प्रथिन) तपासणीत किंवा कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने आतडं बघण्यात) कळते. म्हणून तर बरं वाटल्यावरही मेसालामिन हे सूज आवरणारं औषध चालू ठेवतात. स्टेरॉइड मनाने एकदम सोडणं तर जिवावर बेतू शकतं. मेसेजात आयबीएसचीही (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा विकार) सरमिसळ केलीय. तो वेगळा, त्यात आतड्याला जखमा होत नाहीत.

पथ्य निरुपयोगी आहे असं मुळीच नाही. क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) झालेल्या मुलांना 6 ते 8 आठवडे नुसता पातळ पोषक फॉर्म्युला देतात आणि सूज खरंच उतरते, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्रास उसळला असताना सेवउसळ आणि तिची तिखट तरी (रस्सा) नकोच (बडोदेकरांना हे जड जाईल), मऊ वरणभात बरा. दूध मात्र बाधत असेल त्यानेच सोडावं. स्टेरॉइडने हाडं आधीच ठिसूळ होतात, त्यात दुधाचं कॅल्शियमही उगाच तुटायला नको.